समुद्रावर जायचंय, पण पन्नास हजार आणायचे कुठून?

ताई, नमस्कार.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारात आमच्या तीन पिढ्या गेल्या. मिस्टर खासगी कंपनीत अकाउंट्सला आहेत, मी घरी शिकवण्या घेते. सासूबाई आमच्याकडे असतात. मोठे दीर पुण्याला, मधले ठाण्याला, दोघांचंही उत्तम चाललंय. येत्या पौष पौर्णिमेला सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होतात. मोठ्या जाऊबाईंनी त्यासाठी डहाणू-बोर्डीच्या बाजूला समुद्राकाठचं एक महागडं गेस्टहाऊस शोधून काढलंय. दोन रात्री, चार खोल्या. तिघा भावांच्या तीन आणि सासूबाईंची चौथी, तिचा खर्च तिघांत. खोलीला रात्रीचे सोळा हजार, टॅक्स वेगळा, त्यात फक्त सकाळचा नाश्ता. ग्रुपवर मेसेज आला आणि ह्यांनी मला न विचारता 'आम्ही येतोय' म्हणून कळवून टाकलं. आता म्हणतात, कार्डावर भरू आणि हप्ते करू. मुलगा बारावीला आहे. परीक्षा तोंडावर म्हणून तो माझ्या माहेरी कारेलीबागेत राहील, पण जूनमध्ये त्याच्या कॉलेजची फी उभी राहणार. सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी म्हणून आम्ही पंचवीस हजार बाजूला ठेवले होते, त्याच्या वर आमची ताकद नाही. बरं, नाही म्हणावं तर सासूबाई इतक्या खूश आहेत! सोमनाथला जाऊन आल्यानंतर त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. सगळ्या शेजारणींना सांगून झालंय. वर्षभर त्यांचं सगळं आम्हीच करतो, मग ते या खर्चात धरायला नको का? महिनाअखेर आगाऊ रक्कम भरायची आहे. पौर्णिमेचा शनिवार किंवा त्याच्या पुढचा, असे दोन शनिवार सुचवलेत. जाऊबाईंचं मत पौर्णिमेचं आहे. काय करू?

— एक धाकटी सून, वडोदरा

तुम्ही जायला हवं, आणि पंचवीस हजारांतच जायला हवं. दोन्ही जमण्यासारखं आहे. मात्र त्यासाठी तुमच्या यजमानांना त्यांच्या मोठ्या भावाशी स्वतः, तोंडानं बोलावं लागेल.

आधी आकडे कागदावर घेऊ. रात्रीला साडेसात हजारांच्या वर दर असलेल्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन रात्रींचे ३२,००० आणि त्यावर ५,७६० कर, म्हणजे एक खोली ३७,७६० रुपयांना पडते. सासूबाईंच्या खोलीचा तिसरा हिस्सा १२,५८७. तुमच्या वाट्याचे झाले पन्नास हजार तीनशे सत्तेचाळीस, आणि यात जेवण नाही. अशा ठिकाणी माणशी एका जेवणाचे हजार-दीड हजार सहज होतात. दोन रात्रींची आणि एका दुपारची तुम्हा दोघांची जेवणं, सासूबाईंच्या जेवणातला हिस्सा, जाण्यायेण्याचा खर्च असं सगळं धरलं तर तुम्ही साठ हजारांच्या घरात जाता. हे कार्डावर टाकायचं म्हटलं तर हप्त्यांवर व्याज आणि वर प्रोसेसिंग फी. हप्ते न करता नुसतं बिल थकवलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्याही वर. जूनमध्ये मुलाची फी भरताना हे हप्ते चालूच असतील. आईच्या वाढदिवसासाठी मुलानं कर्ज काढलंय हे सासूबाईंना कळलं, तर त्या समुद्राकडे पाहणारसुद्धा नाहीत.

आता मार्ग. सासूबाई पंचाहत्तरीच्या. रात्री उठावं लागत असेल, जागा नवी, अंधारात दिव्याचं बटण कुठं आहे तेही ठाऊक नाही. त्यांना एका खोलीत एकटं झोपवायचं ठरवलं कुणी? घरी असं तुम्ही एक रात्रही केलं नसतं. त्यांच्या खोलीत कुणीतरी हवंच, मग ते तुम्ही दोघं असा. चारऐवजी तीन खोल्या घ्यायच्या, आईंच्या खोलीत एक जादा गादी टाकून घ्यायची आणि त्या खोलीचा खर्च आधी ठरल्याप्रमाणे तिघा भावांत. तुमच्या वाट्याला १२,५८७, जादा गादीचे जे होतील ते आणि जेवणं. पंचवीस हजारांत हे बसतं. मोठ्या आणि मधल्या दिरांना मात्र आधी जेवढे भरायचे होते तेवढेच, ५०,३४७. त्यांच्यावर एक रुपयाही जास्त पडत नाही. म्हणजे तुम्ही कुणाकडे सूट मागत नाही आहात. गरज नसलेली एक खोली कमी करा, एवढंच सांगताय.

पण हे भावाला सांगायच्या आधी नवऱ्याशी बोलायचंय, आणि तेच जास्त जड आहे. ते असं चटकन 'येतोय' का म्हणाले असतील, याचा विचार करा. दोन भाऊ बाहेर पडले, मोठे झाले. हे आईवडिलांसाठी बडोद्यात राहिले आणि पगार बेताचा राहिला. सगळ्यांसमोर ग्रुपवर 'आम्हाला परवडत नाही' असं लिहिणं त्यांच्यानं झालं नाही. त्यांचा तुम्हाला न विचारण्याचा हेतू नसावा, त्या क्षणी त्यांना फक्त भावांच्या बरोबरीनं उभं राहायचं होतं. म्हणून 'मला का नाही विचारलंत' इथून सुरुवात करू नका. तो राग खरा आहे आणि त्याच्यावर बोलायचंही आहे, पण ट्रिपहून परत आल्यावर. आत्ता त्यांच्यापुढे कागद ठेवा: एका बाजूला साठ हजार आणि जूनची फी, दुसऱ्या बाजूला तीन खोल्यांचा हिशेब. दिवसभर आकड्यांत काम करणारा माणूस आहे. कागद बघेल आणि समजेल.

फोन त्यांनीच करायचा. तुम्ही जाऊबाईंना केलात तर तो दोन जावांचा मामला होईल, आणि ग्रुपवर लिहिलंत तर मधले दीर, वहिनी, पोरं सगळीच त्यात उतरतील. मोठ्या भावाला संध्याकाळी, निवांत वेळ बघून, साधा फोन. शब्द काहीसे असे असू द्या: "दादा, जागा छान आहे, आईही खूप खूश आहे. वेगळी खोली मात्र आम्हाला झेपणार नाही. तशीही आईजवळ रात्री कुणीतरी लागेलच, तर आम्ही तिच्याच खोलीत झोपतो. तीन खोल्या घेऊ. तिच्या खोलीतला आमचा हिस्सा आणि आमचं जेवण आम्ही भरणार." एवढं बोलून थांबायचं. मुलाची फी, घराचा रंग, गॅसचे भाव असलं काही पुढे जोडायचं नाही. कारणं सांगत सुटलं की समोरच्याला वाटतं आपल्याकडे काहीतरी मागितलं जातंय.

मोठे भाऊ म्हणतील, "अरे, पैशाचं काय घेऊन बसलास, मी भरतो तुझे." बहुतेक म्हणतीलच. त्यावर काय म्हणायचं ते फोन लावण्याआधी तुम्ही दोघांनी ठरवून ठेवा. माझं मत विचाराल तर आईंच्या खोलीतला तुमचा हिस्सा दुसऱ्या कुणाला भरू देऊ नका. पंचाहत्तरीच्या भेटीत धाकट्याचा वाटा असायला हवा, आणि तो तुमच्याजवळ बाजूला काढलेलाही आहे. भावानं एखाद्या रात्रीचं सगळ्यांचं जेवण आपल्याकडून दिलं तर आनंदानं जेवा.

तुमचा खरा प्रश्न, मला वाटतं, पत्रात एका ओळीत येऊन गेलाय. वर्षभर आम्ही करतो, ते खर्चात धरायला नको का?

तुमची तक्रार न्याय्य आहे. रात्रीबेरात्री उठायचं, गुडघ्याला तेल चोळायचं, सयाजी हॉस्पिटलच्या रांगेत नंबर लावायचा, औषध संपायच्या आत आणून ठेवायचं, जेवण अळणी की गोड ते रोज नव्यानं बघायचं. हे करणाऱ्याला त्याची किंमत कळते, लांब राहणाऱ्याला फोनवर 'आई बरी आहे' एवढंच ऐकू येतं. तरीही या बिलात ते धरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकदा खोलीभाड्यासमोर ती सेवा मांडलीत की तिची वजावट सदतीस हजारांवर होऊन बसेल. पुढे कधी काही बोलायला गेलात तर 'तेव्हा सूट घेतलीत की' हे ऐकावं लागेल. शिवाय सासूबाईंच्या कानावर ते जाणारच. घर लहान आहे. आपल्या वाढदिवसाच्या आठवड्यात आपला भार कुणी पैशात मोजतंय, हे त्या माउलीनं का ऐकावं?

त्याऐवजी तुम्ही रात्र मागा. पहिल्या रात्री आईंजवळ तुम्ही दोघं. दुसऱ्या रात्री आईंच्या खोलीत मोठे दीर आणि मोठ्या जाऊबाई झोपतील आणि तुम्ही दोघं त्यांच्या खोलीत. आधीच ठरवून ठेवा, आयत्या वेळी कुणाला अवघड वाटायला नको. मुलगा आईजवळ झोपेल, रात्री दोनदा हाताला धरून बाथरूमपर्यंत नेईल, तेव्हा आईचं आता कसं चाललंय ते त्याला कुणी सांगावं लागणार नाही. आणि तुम्हाला एक अखंड झोप मिळेल, जिची तुम्हाला त्या गेस्टहाऊसच्या समुद्रदर्शनापेक्षा जास्त गरज आहे असं तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं.

आईंची औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी यांचा नियमित खर्च तिघांत वाटून घेण्याचा विषयही काढायचा आहे. तो ट्रिपनंतर काढा. पावत्यांची फाइल समोर ठेवून, तिघं भाऊ एकत्र असताना, तुमच्या यजमानांनी काढायचा. त्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही. फक्त वाढदिवसाच्या जेवणाच्या टेबलावर नको.

आता शनिवार कुठला, ते सांगते. यात माझा कौल स्पष्ट आहे: पौर्णिमेचा नको, पुढचा.

जाऊबाईंच्या मनात चांदण्यातला समुद्र असेल, त्यांचं चुकलं नाही. पण बोर्डी-डहाणूचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समोर नुसती ओली, चिखलट वाळू उरते. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना तेवढं चालत जाऊन पाण्याला पाय लावणं शक्य नाही. कोकणपट्टीवर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी पूर्ण भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, डोक्यावर ऊन असताना, आणि पुन्हा मध्यरात्री. संध्याकाळी साडेपाच-सहाला, नेमक्या मावळतीच्या वेळी, समुद्र सगळ्यात लांब. पहाटेही तेच. दिवसातल्या ज्या दोन वेळा आईंना बाहेर नेण्यासारख्या, त्या दोन्ही वेळी पाणी नाही.

पुढचा शनिवार सप्तमीच्या आसपास येतो. साताची पाऊणपट सव्वापाच. आदल्या दिवशी षष्ठीला साडेचार, रविवारी अष्टमीला सहा. शुक्रवारी दुपारी पोहोचलात तर चहा होईपर्यंत पाणी किनाऱ्याशी आलेलं असेल. शनिवारी सव्वापाचला भरती पूर्ण आणि त्यानंतर तासाभरात सूर्यास्त. शिवाय हे भांगाचे दिवस. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणासारखं पाणी तेव्हा फार चढतही नाही आणि फार आतही जात नाही, म्हाताऱ्या माणसाला तेच सोयीचं. सुरूच्या झाडांखाली खुर्ची टाकायची, दोघा मुलांनी दोन्हीकडून हात धरून चार पावलं न्यायचं आणि पाण्यात पाय बुडवू द्यायचे. वेळ अंदाजाची आहे, पोहोचल्यावर गेस्टहाऊसच्या माळ्याला किंवा किनाऱ्यावरच्या मासेवाल्यांना विचारून पक्की करून घ्या. पौर्णिमेला तिथीनं वाढदिवस येतो, तर त्या दिवशी घरीच औक्षण करा, पंचाहत्तर दिवे लावा. शेजारणी येतील, दिरांना व्हिडिओवर दाखवा. हे जाऊबाईंना सांगताना मात्र नवऱ्याला मध्ये घालू नका, तुम्हीच सांगा. भरतीचं गणित दाखवलंत तर त्यांनाही पटेल, त्यांनी एवढी जागा शोधली ती आईंसाठीच ना.

गेस्टहाऊसला फोन करून काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतील. तो फोन जाऊबाईंनी करावा, यादी तुम्ही द्या, कारण आईंना काय लागतं ते तुम्हालाच ठाऊक. खोली तळमजल्यावरची हवी, समुद्र दिसला नाही तरी चालेल. उंची जागांमध्ये एक नेहमीची अडचण असते. सगळं गुळगुळीत दगडाचं, मध्येच एखादी न दिसणारी पायरी, बागेतले दिवे मंद, आणि आंघोळीला काचेचा चौकोन, ज्यात ना बसायला काही ना धरायला. कमोडजवळ दांडी आहे का विचारा. आंघोळीसाठी प्लास्टिकचं स्टूल मागून ठेवा, नसेल तर घरचं न्या, त्यात लाजू नका. ओल्या दगडावर टाकायला एक रबरी पायपोस पिशवीत असू द्या.

जेवणाचं असं, की खोलीच्या दरापुढे 'सीपी' लिहिलं असतं तेव्हा त्यात फक्त नाश्ता असतो. 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' म्हणजे तिन्ही वेळचं. तीन खोल्या एकदम घेताय, तर एमएपीचा दर काय पडतो ते विचारा, बहुधा सुटं जेवण्यापेक्षा स्वस्त पडेल. अशा ठिकाणी रात्रीचं जेवण उशिरा लावतात. आईंना साडेसातला वरण-भात लागतो असं आदल्या दिवशी सांगितलं तर स्वयंपाकघरात कुणी नाही म्हणत नाही. बाहेरचं खाणं चालतं का तेही विचारा, म्हणजे आपल्या बडोद्याच्या ओलसर लीलो चिवड्याचा डबा उजळ माथ्यानं नेता येईल. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच तो सक्तीनं लावायला मनाई केली आहे आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. काउंटरवर शांतपणे सांगितलं की पुरतं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

प्रवास रेल्वेनं करा. बडोद्याहून मोटारीनं पाच तास धरावे लागतात, तेवढा वेळ गुडघे दुमडून बसणं आईंना जड जाईल. डहाणू रोड मुख्य मार्गावर असलं तरी मुंबईकडच्या सगळ्या एक्सप्रेस तिथं थांबत नाहीत, वापीला थांबणाऱ्या जास्त आहेत. वापीला उतरून टॅक्सीनं बोर्डीला जाता येतं. चढण्या-उतरण्याच्या दोन्ही स्टेशनांवर व्हीलचेअरची सोय आदल्या दिवशी विचारून ठेवा, पूल चढवू नका. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

एक राहिलं. आगाऊ रक्कम महिनाअखेर भरायची म्हणताय, पण तोवर थांबू नका. चार खोल्यांचे पैसे एकदा भरले गेले की चौथी सोडवताना कापाकापी होईल, आणि ते पैसे तुमच्यामुळे बुडाले असं ठरेल. जाऊबाईंनी पैसे पाठवण्याआधी रद्द करण्याची अट काय आहे ती लेखी मागवून घ्यावी. तुमच्या यजमानांचा फोन मात्र याच आठवड्यात जायला हवा. कागद आज रात्री मांडा.